रुसलेला इस्क्रू

सर्जेराव मिस्त्री लग्नाच्या पंगतीत बसला तरी त्याच्या खिशात ठोक्याचा डिसमिस असतो. साध्या डिसमिसनं इस्क्रू हातानं पिळायचा. ह्याच्या बुडावर हातोडी घातली की टोक आत दाबतं आणि दाबता दाबता फिरतं. गंजून बसलेल्या इस्क्रूला हाच लागतो.

मोटारीच्या चाकामागं ब्रेकची लोखंडी चकती असते, ती बारक्या इस्क्रूंनी धरलेली. ते गंजले की आपल्यासारखा माणूस छिन्नी घेऊन बसतो आणि इस्क्रूचं डोकं उडवतो. सर्जा तसं करत नाही. पुढं मांडी घालतो, रॉकेलचे थेंब सोडतो आणि इस्क्रूशी बोलतो. "रुसलाय. मोडला न्हाय. आदी मनधरणी, मग ठोका."

डाळजच्या लग्नात नवरा-नवरीची मोटार मांडवापुढंच किंचाळायला लागली. चकतीमागं खडा अडकलेला. सर्जा जिलेबी तशीच टाकून उठला, चाक उतरवलं, रॉकेल घातलं आणि गप बसून राहिला. नवऱ्याचा बाप थयथय नाचायला लागला.

"मिस्त्री, दिस मावळायच्या आत नवरी घरात पायजे!"

"घाई करू नगा. बावरतो त्यो."

"कोन, नवरा?"

"इस्क्रू."

मग एकेक ठोका, आणि इस्क्रू सुटले, खडा निघाला. सर्जा परत पंगतीत आला आणि टाकलेली जिलेबी कुणी खाल्ली म्हणून भांडत बसला.

असा हा माणूस. कळस गावात माझ्या शेजारीच राहतो.

माझी बायको सखू गौरीच्या सणात वारली. लेकानं दिलेली जुनी लाल मोटार आमच्याकडं होती. बारामतीच्या बाजाराला जाताना सखू पुढच्या सीटवर बसायची, मांडीवर पिशवी, आणि वाटभर मला शिव्या. ती गेली तशी मोटार पावसात उभी राहिली, ब्रेक धरून बसला. ती सीट मला बघवंना, मोटार विकायला काढली. लोणी भापकर गावचं गिऱ्हाईक आलं, म्हणालं, ब्रेक नीट करून द्या, लगेच नेतो. सर्जाला बोलावलं.

एक इस्क्रू त्यानं आल्या आल्या काढला. दुसरा रुसला.

"तात्या, ह्याला येळ लागंल."

रोज संध्याकाळी यायचा. रॉकेलचे थेंब सोडायचा, ठोक्याचा डिसमिस लावायचा, मान हलवायचा. मग ओट्यावर बसायचा. चहा मी करायचो. मला कधी चहा जमला नाही, चूल सखूची. सर्जा घोट घ्यायचा, तोंड वाकडं करायचा.

"ह्याच्यापरीस रॉकेल बरं."

"मग पी रॉकेल."

पण सगळा कप संपवायचा. पावसाची, उसाची, सखूच्या शिव्यांची गोष्ट निघायची. पार अंधार पडायचा.

दिवाळी झाली, ऊस तुटायला लागला, इस्क्रू काही सुटंना. गिऱ्हाइकानं निरोप धाडला, उद्या देता का दुसरी बघू? मी चिडलो. दुपारी छिन्नी-हातोडा घेऊन चाकापाशी बसलो. म्हटलं, बस झाली मनधरणी.

छिन्नी नुसती टेकवली तर इस्क्रू फिरला. पुढं बोटांनीच निघून हातात आला. आट्यांना ताजं ग्रीस होतं. गंजाचा कण नाही.

दुसऱ्याच्या लग्नात एका ठोक्यात काढतो, आणि माझ्या दारात दोन महिने! भाड्या, तू सुटलेला इस्क्रू रोज परत बसवत होतास.

लई राग आला. मग ओट्याकडं बघितलं. सर्जाचा कप तिथं संध्याकाळसाठी पालथा घातलेला होता.

इस्क्रू परत घातला. अंगातलं बळ लावून आवळला. गिऱ्हाइकाला सांगून धाडलं, दुसरी बघा.

संध्याकाळी सर्जा आला. डिसमिस लावला आणि थबकला. इस्क्रूकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"तात्या, आज लईच आवळलाय की ओ."

"रुसला असंल."

त्यानं डिसमिस खिशात घातला. रॉकेलची बाटली बाजूला ठेवली आणि ओट्यावर येऊन बसला. मी चहा दिला. घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"रॉकेल बरं," म्हणाला, सगळा चहा संपवला आणि रिकामा कप परत पुढं केला.