पार्सल येऊन राहिलं

लांजेवार काका आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना चहा विचारला. ते नको म्हणाले. पाणी विचारलं, तेही नको म्हणाले. मग सोफ्याच्या अगदी कडेला टेकले, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "ताई, तुमचा नंबर कोरा हाय का?"

मला नागपुरात, मानेवाड्याच्या त्या बिल्डिंगमध्ये येऊन जेमतेम आठवडा झाला होता. विम्याच्या ऑफिसात नोकरी केल्यामुळे लोकांचे चित्रविचित्र प्रश्न मला नवे नव्हते, पण हा प्रश्न नवा होता. दार उघडं आहे याची खात्री करून घेऊन मी म्हटलं, "कोरा म्हणजे काय हो, काका?"

"म्हणजे कोणत्या ॲपवर चढवला तं नाही ना अजून?"

प्रकरण असं होतं. मोबाईलवरून सामान विकणारी जेवढी म्हणून ॲप आहेत, ती नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या खरेदीवर घसघशीत सूट देतात. पहिली खरेदी माणसाला एकदाच करता येते, असं आपण भोळी माणसं समजतो. काकांच्या मते ती एका नंबरावरून एकदाच करता येते, आणि देवानं जगात नंबर पुष्कळ दिले आहेत. स्वतःचा, काकूंचा, जावयाचा, वॉचमनचा असे सगळे नंबर त्यांचे वापरून झाले होते. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या नंबरावर त्यांनी काजू मागवले, तेव्हा तो बिचारा हातात काजूची पिशवी घेऊन अर्धा दिवस मालकाचा शोध घेत होता.

मी नवी शेजारीण, नाही कसं म्हणणार? नंबर दिला. पाच मिनिटांत मी तीन दुकानांची नवी गिऱ्हाईक झाले होते आणि माझ्या नावावर दाढीचं क्रीम निघालेलं होतं. त्यातल्या एका दुकानाचे निरोप मला अजून येतात. माझी दाढी मऊ झाली की नाही, याची त्यांना फार काळजी आहे.

काकांचं नाव दौलतराव. कन्हानकडच्या एका कोळसा खाणीच्या स्टोअरमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. तिथे नट-बोल्टापासून गमबुटापर्यंत कोणी काहीही मागितलं की ते एकच उत्तर देत, "येऊन राहिलं." माल कधी महिन्यानं यायचा, कधी मागणारा रिटायर झाल्यावर यायचा. वाट पाहणं आणि दुसऱ्याला वाट पाहायला लावणं, या दोन्हींचा त्यांना इतका सराव झाला होता की रिटायर झाल्यावर हात रिकामे वाटायला लागले. तेवढ्यात मुलीनं, वैशालीनं, त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला. शांताकाकू म्हणतात, "फोन नाही दिला वं तिनं, सवत दिली."

नव्या नंबराच्या सुटीपेक्षाही काकांची लाडकी सूट म्हणजे उशिराची. एका ॲपवर असं बटण होतं, की मला घाई नाही, सावकाश पाठवा. ते दाबलं की आणखी थोडे पैसे कमी व्हायचे. काका ते न चुकता दाबत. "घाई कायची हाय?" हे त्यांचं ब्रीदवाक्य. त्यामुळे लांजेवारांच्या घरात वर्षभर चुकीचा ऋतू चालू असे. छत्र्या दिवाळीत यायच्या. कूलरच्या गवताच्या ताट्या थंडीत यायच्या. आणि ऐन मे महिन्यात, नागपूरच्या उन्हात डांबर पायाला चिकटत असताना, काका नवी रजई पांघरून बसलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. माल नीट आहे की नाही हे ठरावीक दिवसांत तपासून कळवावं लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यात पुन्हा डिलिव्हरीचे पैसे द्यायचे नाहीत, हा बाणा. म्हणजे बिल ठरावीक रकमेपर्यंत न्यायचं आणि त्यासाठी काहीतरी आणखी घ्यायचं. अशानं त्यांच्याकडे कुत्र्याचे पट्टे आले, पोहायचा चष्मा आला, बाळाच्या दाताला लावायची जेल आली. घरात कुत्रा नव्हता, पोहणारा नव्हता आणि बाळही तेव्हा नव्हतं. शांताकाकू पोहायचा चष्मा लावून कांदे चिरतात. मी हसले, तर म्हणाल्या, "हसू नको वं. एवढी एकच वस्तू उपयोगाची निघाली."

पुढे बाळही आलं. वैशालीला मुलगी झाली, पिहू. वैशाली रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात लॅबमध्ये कामाला होती आणि राहायलाही तिकडेच. दर रविवारी पिहूला घेऊन यायची. बक्षिसाची कार्डं मोबाईलवर बोटानं खरवडावी लागतात, ती काका पिहूकडून खरवडून घ्यायचे. "हिच्या हाताले गुण हाय," म्हणायचे. एकदा खरवडून काही निघालं नाही, तर तिच्या बोटाचा पापा घेऊन म्हणाले, "कंपनीच कंजूस हाय, माय."

मागच्या थंडीत बातमी आली की जावयाची बदली बेंगलोरला झाली. तो पुढे गेला. वैशालीनं ठरवलं की पिहूचं पहिलं बोरन्हाण आईबाबांकडे करायचं आणि ते उरकलं की निघायचं. बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही चालतं. लेकराला काळे कपडे चढवायचे, हलव्याचे दागिने घालायचे आणि डोक्यावरून बोरं-कुरमुरे ओतायचे. काकूंनी गांधीबागेतून काळं कापड आणून झबलं शिवायला घेतलं. दागिन्यांची जबाबदारी काकांनी घेतली.

"महालातल्या बाजारात जा अन् घेऊन या, तासाभराचं काम हाय," काकू म्हणाल्या.

पण वैशालीनं नव्या गावासाठी नवं सिम घेतलेलं होतं. घरात कोरा नंबर असताना काका दुकानात पैसे घालवतील, हे शक्य नव्हतं. तिच्या नंबरावरून त्यांनी हलव्याच्या दागिन्यांचा पूर्ण संच मागवला, मुकुटापासून पैंजणापर्यंत. फोनवर आलेला ओटीपीचा आकडा तिनंच वाचून दाखवला. आणि मग, आम्हा सगळ्यांच्या देखत, काकांनी ते घाई नसल्याचं बटण दाबलं.

"अहो!" काकू ओरडल्या.

"येऊन राहिलं," काका म्हणाले.

संक्रांत आली, गेली. दागिने नाहीत. वैशाली आता रोज संध्याकाळी दवाखान्यातून सुटली की पिहूला घेऊन यायला लागली. दारातूनच विचारायची, "बाबा, कुठवर आलं?" काका मोबाईल नाकाजवळ धरून सांगायचे. मग चहा व्हायचा, पिहू रजईवर लोळायची, जेवणही तिथेच व्हायचं. काकू रोज महालात जाऊन दुसरे दागिने आणायला निघायच्या आणि काका रोज अडवायचे. "आता दुसरे आणले तं हे वाया जातीन!" वाया जाणं म्हटलं की काकूंचंही पाऊल अडायचं. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढी लागण त्यांनाही झाली होती.

एका रविवारी दुपारी काका माझ्याकडे आले. अंगावर शाल, शालीखाली चौकोनी काहीतरी.

"ताई, हे तुमच्या कपाटात ठेवा. शांतीले सांगू नका."

"काय आहे?"

"दागिने."

"आले?" मी जवळजवळ ओरडलेच. "अहो, मग सांगा ना! किती खोळंबलेत सगळे!"

काका शालीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. "आले म्हटलं तं उद्याच बोरन्हाण," ते म्हणाले. "बोरन्हाण झालं की पोरगी चालली. आता रोज येऊन राहिली ना... रथसप्तमीपर्यंत चालते म्हणतेत. तेवढंच."

मला त्यांना दोन शब्द सुनवायचे होते. त्याऐवजी कपाट उघडलं. मी साड्या सरकवून जागा केली.

त्यानंतर त्या पार्सलनं जो प्रवास केला, तसा कोणत्याही पार्सलनं केला नसेल. माझ्या कपाटात दोन पैठण्यांच्या मधे बसून ते सोमवारी इटारसीला होतं. मंगळवारी चुकीच्या गाडीत चढून चंद्रपूरला गेलं. तिथल्या माणसानं ते उलटं धरून पत्ता वाचला, म्हणून गोंदियाला निघालं. काका सांगायचे आणि वैशाली डोळे मोठे करून ऐकायची. "मग, बाबा? मग काय झालं?" बिल्डिंगमधले लोकही संध्याकाळी ऐकायला जमायला लागले. ही सगळी गावं काकांना खाणीच्या मालामुळे तोंडपाठ होती, त्यामुळे कुठेही खोट दिसेना.

घोटाळा झाला तो कन्हानमुळे. पार्सल कन्हानपर्यंत आलं आणि नदीपलीकडे अडकून पडलं, असं काका बोलून गेले. दुसऱ्या मजल्यावरचे बोंडेसाहेब पोलिसातून रिटायर झालेले. ते उठलेच. "कन्हान कायले दूर हाय? मी घेऊन येतो." काका नको नको म्हणत असताना त्यांनी स्कूटरला लाथ मारली.

तो दिवस आम्ही दोघांनी कसा काढला, आमचं आम्हाला ठाऊक. काका गेटपाशी खुर्ची टाकून बसले होते आणि मी ऑफिसातून त्यांना फोन करत होते. संध्याकाळी बोंडेसाहेब धुळीनं माखून परत आले. आता आपलं बिंग फुटणार, म्हणून मी कपाटाची किल्ली मुठीत धरली. पण पोलिसातला माणूस हात हलवत परत आलो, असं कसं सांगेल?

"चौकशी केली," ते मिशीवर हात फिरवत म्हणाले. "माल सकाळीच हलवला म्हणतेत. मोठी टोळी दिसते."

"हाव," काका शांतपणे म्हणाले. "मलेही आत्ताच दिसलं. उमरेडले गेलं."

वैशालीला एवढा खोकला आला की तिला पाणी द्यावं लागलं.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी मात्र काकांनी शब्द पाळला. मी खोकं पदराखाली घेऊन मागच्या जिन्यानं गेटपर्यंत पोचवलं आणि काकांनी ते तिथून "आलं! आलं!" करत पुढच्या जिन्यानं वर आणलं. बोंडेसाहेबांनी सील तपासलं. काकूंनी खोक्यावरूनच कडाकडा बोटं मोडली, ती नजर काढायला की रागानं, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोरन्हाण झालं. काळ्या झबल्यात, हलव्याचा मुकुट घालून पिहू पाटावर बसली आणि तिनं पहिल्यांदा स्वतःचा हार खायला सुरुवात केली. बोरं, कुरमुरे, उसाचे करवे, चॉकलेटं डोक्यावरून ओतली तशी बिल्डिंगमधली पोरं तुटून पडली. त्यांच्यात गुडघ्यांवर रांगत काकाही होते. "फुकट हाय रे, वेचा!" म्हणून ओरडत होते आणि वेचलेलं सगळं पिहूच्या ओटीत टाकत होते.

गर्दी ओसरल्यावर वैशाली माझं पातेलं परत द्यायला आली. दारातच थबकून म्हणाली, "मावशी, खोकं तुमच्याकडंच होतं ना?"

मी पातेल्याकडे पाहात राहिले.

"मले त्याच दिवशी मेसेज आला होता," ती म्हणाली. "तुमचं पार्सल मिळालं म्हणून. नंबर माझाच होता ना."

"अगं, मग रोज विचारत काय होतीस?"

"विचारलं नसतं तं रोज आलो कायले, असं झालं असतं." ती हसली, आणि हसता हसता तिचे ओठ थरथरायला लागले. "तिकीट दोनदा पुढं ढकललं, मावशी. तिकडं सांगितलं, दागिनेच आले नाही तं मी काय करू? बाबांले सांगू नका हं."

मी तिला जवळ घेतलं. डोळे दोघींचेही वाहत होते.

दोन दिवसांनी ती गेली. सामान गाडीत चढलं, पिहूनं काकांच्या चष्म्याला हात घातला, तो काकूंनी सोडवला, आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. काकू वर निघून गेल्या. काका गेटपाशी उभेच होते, म्हणून मीही थांबले.

मग ते म्हणाले, "ताई, पोरगी फार भोळी हाय हो. एवढी शिकली, पण रोज विचारे, अन् मी जे सांगीन ते खरं धरे. चंद्रपूर म्हटलं तं चंद्रपूर, गोंदिया म्हटलं तं गोंदिया." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "बेंगलोरात कसं होईन तिचं?"

"शिकेल, काका," मी म्हटलं. "हळूहळू शिकेल."

"हाव," म्हणाले आणि मान हलवत जिना चढायला लागले. मी त्यांच्या मागून, थोडं अंतर राखून चढले. माझा चेहरा त्यांना दिसायला नको होता.