श्यामकांतच्या हाताचा गुण

जगनचा कॉम्प्युटर बंद पडण्याआधी ओरडायचा. आधी घूंऽऽ, मग टर्रर्र, मग पडदा काळा. आणि हे नेमकं खेळ रंगात आला की. रविवारी ऑनलाइन गेमिंग स्पर्धेची अंतिम फेरी होती. जिंकला तर संघात कायमची जागा. हरला तर माऊस सोडून वडिलांच्या बोटीवर. बापलेकांत तसं ठरलंच होतं.

"इंजिनानं हवा धरलीय," वडील रघू म्हणाले.

"बाबा, ह्यात डिझेल नसतं."

"मंग चालतो कसा, तेच मला कलत नाय."

शेजारच्या गुणाजीने भिंतीपलीकडून विचारलं, "जगन, लालबागची बंद गिरनी तुझ्याकडं चालू झाली काय?"

शेवटी जगनने गिरगावातून श्यामकांतला मच्छीमार नगरात बोलावलं. श्यामकांत कॉलेजातला मित्र, पदवीने इंजिनिअर आणि जातीने पाठारे प्रभू. म्हणजे मासळीचा आग्रह करावा लागत नाही असा पाहुणा. तो दारात दिसताच जगनची आई पुतळाबाई कॉम्प्युटरच्या खोक्यामागून लगबगीने, पदराखाली काहीतरी धरून, चहा टाकायला आत गेल्या. श्यामकांतने खोका उघडला, पंखे फुंकले, खेळ लावला. मशीन जेवलेल्या मांजरासारखं गप्प.

"काय झालंय रे ह्याला?"

"आता काहीच नाही झालं!" जगन रडकुंडीला आला.

श्यामकांत गेला. घूंऽऽ, टर्रर्र, काळं.

दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला तर मशीन ओरडत असतानाच श्यामकांत उंबऱ्यात येऊन उभा राहिला. पुतळाबाई पदर सावरत आत पळाल्या आणि आवाज थांबला.

रघूंनी हात जोडले. "पोराच्या हाताला गुन हाय!"

"काका, अजून हात लावलाच नाही."

"तेच तर!"

मग ठरलं : रविवारी श्यामकांतने मशीनशेजारी बसायचं. काही करायचं नाही. पदवी मिळवून जे कौतुक वाट्याला आलं नव्हतं, ते नुसतं बसून मिळतंय म्हटल्यावर त्याने विज्ञान तात्पुरतं बाजूला ठेवलं. त्याला खुर्ची दिली, उशी दिली. गुणाजी दर्शन घेऊन गेला.

रविवारी जगनने कानांना हेडफोन लावले. निम्मा सामना उत्तम झाला. आणि मग : घूंऽऽ.

सगळ्यांनी श्यामकांतकडे पाहिलं.

"नीट बस ना, पोरा!" रघू ओरडले.

श्यामकांत ताठ बसला. टर्रर्र! आता पडदा काळा व्हायचा तेवढा बाकी होता. पाहुणपण सोडून तो गुडघ्यांवर आला आणि खोक्यामागे वाकला. तिथे तारांवर बोंबील वाळत होते. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, रीतीप्रमाणे, जोडीजोडीने. गरम हवा बाहेर पडायची वाट त्यांनी पुरती बुजवली होती, आणि एकाची शेपटी जाळीतून पंख्याला लागत होती. वासावरून कुणाला संशय आला नव्हता. मच्छीमार नगरात वास हा पुरावा धरत नाहीत.

"मावशी, हे काय?" तो कुजबुजला.

"आभाळ धरलंय ना, ऊन नाय. आनि ह्याच्या मागून कवरा गरम वारा येतो! पाहुना आला का काढून ठेवते. बरा नाय दिसत."

"मग आज?"

"आज कशाला काढू? आता तू घरचाच झालास!"

श्यामकांतने बोंबील भराभर उतरवून आपल्या बॅगेत कोंबले. पंखे निवले, आवाज मावळला. पुतळाबाईंच्या डोळ्यांत हळूहळू उजेड पडला. "म्हंजी... मीच?"

श्यामकांतने ओठांवर बोट ठेवलं. त्यात मावशींची लाज होती, स्वतःची कीर्ती होती आणि बॅगेतले बोंबीलही होते.

जगन जिंकला. उड्या मारून झाल्या, पेढे झाले. रघू मात्र श्यामकांतचा हात सोडायला तयार नव्हते. "पोरा, माझ्या बोटीचा इंजिनपन टर्रर्र करतो रे. सकाली ये. काय करू नको, नुसता बस."

श्यामकांतने मदतीसाठी पुतळाबाईंकडे पाहिलं. त्या छताकडे बघत होत्या.

ठरल्याप्रमाणे जगन बोटीवर गेला नाही. सकाळी गेला तो श्यामकांत. आता त्याला अनुभव होता. इंजिन टर्रर्र करू लागताच तो आधी त्याच्या मागे वाकला. तिथे रघूंची ओली बंडी वाळत होती.

"असू दे," रघू प्रेमाने म्हणाले, "आता तू घरचाच."