बेवारस डबी

मेकॅनिकला बोलवायचं नाही, असं मी त्या रविवारी सकाळी चहा पिता पिता ठरवलं. निर्णय म्हणाल तर एवढासा होता. दाराजवळच्या भिंतीवर आमच्या अलार्मचं पॅनेल आहे. ते गुरुवारपासून दर दहा मिनिटांनी 'टुक' करत होतं आणि पडद्यावर 'केंद्राशी संपर्क नाही' असं दाखवत होतं. केंद्र म्हणजे जिथे चोवीस तास माणसं बसलेली असतात आणि कुणाकडे अलार्म वाजला की लगेच फोन करतात, ते. थोडक्यात, आमच्या घराचा त्या मंडळींशी अबोला झाला होता. आणि अबोला कसा मिटवायचा हे वीस वर्षं संसार केलेल्या माणसाला कळायला नको का? (नाही कळत. पण ते पुढे येईलच.)

"अहो, मेकॅनिकला फोन केलात का?" बायकोनं आतून विचारलं.

"कशाला? मी बघतो ना."

आत कपाटाचं दार धाडकन आपटलं. मागे मी स्वयंपाकघरातला नळ 'बघितला' होता, तेव्हाही ते असंच आपटलं होतं.

ती हातातली साडी अर्धवट घडी घालून बाहेर आली. "माझी चारची गाडी आहे. ताईचं गुडघ्याचं ऑपरेशन उद्या सकाळी. तिच्याजवळ दुसरं कुणी नाही. पण अलार्म असा मुका ठेवून मी घर सोडणार नाही, सांगून ठेवते."

"मी आहे की घरात."

"तुम्ही आहात म्हणूनच म्हणते."

यात तथ्य होतं. गेल्या वर्षभरात मी दोनदा पुढचं दार सताड उघडं टाकून ऑफिसला गेलो होतो. (एकदा पंखाही चालू होता. घराला हवा तरी लागली.) पहिल्या वेळेनंतरच तिनं अलार्म बसवून घेतला. मी ऑफिसात होतो. माणसं आली, बसवून गेली, फॉर्मही तिनंच भरला.

या ताईनंच तिला लहानाचं मोठं केलंय. गाडी चुकली आणि ताई एकटी ऑपरेशनला गेली, तर बायको मला काहीही बोलली नसती. आयुष्यभर. तिला चारच्या गाडीत बसवणं मला भाग होतं आणि मनापासून हवंही होतं.

म्हणून मी पॅनेलचं झाकण उघडलं.

झाकण उघडलं की भोंगा वाजतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. असा वाजला की माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर उडून चपलांच्या कपाटामागे गेला. शेजारच्या काकूंनी खिडकीतून डोकावून विचारलं, "तुम्हीच का?" मी मान हलवली. "बरं," म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली. बायको आली, चार आकडे दाबून तिनं भोंगा बंद केला आणि तडक बॅगेकडे गेली. निम्मी बॅग भरली होती, ती तिनं आता रिकामी करायला घेतली.

तेव्हा कुठे मी केंद्राला फोन लावला. एका मुलीनं उचलला. आवाज शांत, समजूतदार.

"सर, पॅनेलला वीज आहे का?"

"आहे."

"इंटरनेट?"

"तेही आहे. सगळं तपासलंय मी." (इंटरनेट चालू आहे हे मी क्रिकेटचा स्कोअर बघून तपासलं होतं.)

"मग तुमची ती छोटी पांढरी डबी बघा. साबणाच्या वडीएवढी असते, हिरवा दिवा लागतो. तीच सिग्नल आमच्यापर्यंत पोचवते. बहुतेक टीव्हीच्या मागे असेल."

माझी नजर आपोआप माळ्याकडे गेली.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी रेकॉर्ड विभागात कारकून आहे. आमच्याकडे मालक नसलेली वस्तू सापडली की तिच्यावर चिठ्ठी लावतात. सात दिवस वाट बघतात, कुणी आलं नाही तर ती जमा करतात. दहा दिवसांपूर्वी टीव्हीमागची धूळ झाडताना मला अशीच एक पांढरी डबी सापडली होती. उगाच वीज खात बसलेली. मी नियमाप्रमाणे चिठ्ठी लावली: 'संबंधितांनी सात दिवसांत संपर्क साधावा.' टीव्हीच्या मागे. जिथे वर्षातून एकदा मीच जातो.

"शेवटचा सिग्नल गुरुवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी आलाय, सर."

मी फोन तसाच स्पीकरवर ठेवून चोरपावलांनी माळ्याकडे निघालो. स्टूल करकरलं. बायको मागे येऊन उभी राहिली. मी जुन्या सामानाच्या खोक्यातून डबी काढली, तिनं ती माझ्या हातातून घेतली आणि तिच्यावरची नवी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. "'हक्क सांगण्यास कोणीही पुढे न आल्याने बेवारस म्हणून जमा. गुरुवार, सकाळी आठ वीस.' खाली सही. तुमचीच ना?"

फोनमधून खोकल्याचा आवाज आला. ती मुलगी हसू दाबत होती.

डबी लावली. हिरवा दिवा लागला. पॅनेल गप्प झालं. अडीच वाजले होते. बायकोनं बॅग पुन्हा भरली आणि जाता जाता म्हणाली, "दार लावून घ्या. आणि आता कशालाही चिठ्ठी लावू नका." पण हसली. मी तिला गाडीत बसवून आलो. ताईचा फोन आला, "निघाली का हो ती?" तेव्हा मला फार बरं वाटलं.

घरी आलो तर केंद्रातून त्याच मुलीचा फोन. "सर, सिस्टिम चालू आहे, फक्त खात्री करतेय. अलार्म वाजला तर आम्ही आधी मॅडमना फोन करू. मग त्यांच्या ताईंना. मग शेजारच्या काकूंना. बरोबर?"

"आणि मला?" मी विचारलं. "माझं नाव असेल ना फॉर्ममध्ये?"

"आहे ना, सर." तिला पुन्हा खोकला आला. "'खोट्या अलार्मचं संभाव्य कारण' या रकान्यात."

वीस वर्षं रेकॉर्ड विभागात काढली आहेत मी. इतका अचूक भरलेला फॉर्म माझ्या बघण्यात नाही.