कलम चौदा : उत्तरेची खिडकी काढणे

जाहीर नोटीस!

सावेडीतील तमाम सुज्ञ नागरिकांस कळविण्यात येते की, आमचे शेजारी श्री. दत्तात्रय ठुबे यांचे स्वयंपाकघर येत्या सोमवारी पाडण्यात येणार आहे. तरी सदर स्वयंपाकघरावर कोणाचाही हक्क, दावा, वहिवाट अथवा अन्य हितसंबंध असल्यास त्यांनी रविवारी जेवणाच्या आत पुराव्यासह कळवावे. न कळविल्यास तसा हितसंबंध नाही, व असल्यास तो सोडून दिला आहे, असे समजण्यात येईल.

ही नोटीस मी रचलेली नाही, देवाशपथ! ठुबेकाकांनी ती स्वतःच्या फाटकावर खरोखर लावली होती. दव पडतं म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून. सकाळी फिरायला जाणारे थांबून वाचायचे. आमच्या दूधवाल्याने तर गाडी बंद करून, बोट ठेवून ती शेवटपर्यंत वाचली आणि घाबरून मला विचारलं, "ताई, माझं त्या किचनमधी काही निघत न्हाई ना?"

त्याचं काही निघत नव्हतं. माझं निघत होतं. पण ते पुढे.

ठुबेकाकांना गल्लीत कलमकाका म्हणतात. उभा जन्म त्यांनी नोंदणी कचेरीबाहेरच्या टपरीत बसून लोकांची खरेदीखतं आणि हक्कसोडपत्रं लिहिली. पुढे टपरी बंद झाली, पण तिथली भाषा काकांच्या मागोमाग घरी राहायला आली. बायकोला ते 'सदरहू' म्हणायचे. खरंच! पेपर वाचता वाचता बाहेरून विचारायचे, "सदरहूंनी चहा टाकला का?" आणि आतून शकुंतलाकाकू तेवढ्याच गंभीरपणे सांगायच्या, "सदरहू कणीक मळतायत. लिहून घेणाऱ्यांनी स्वतः टाकावा." इतकी वर्षं शेजारी राहून मी काकांच्या तोंडून काकूंचं नाव एकदाही ऐकलं नव्हतं.

काकांचं दुसरं शस्त्र म्हणजे "व्याख्या करा!" भाजीवाला म्हणाला मेथी ताजी आहे, की "ताजी म्हणजे? व्याख्या करा." डॉक्टर म्हणाले थोडं चालत जा, की "थोडं म्हणजे?" एकदा मी रिक्षाकडे धावता धावता सहज विचारलं, "काय काका, मजेत ना?" काका फाटकाला धरून विचारात पडले. माझी रिक्षा निघून गेली, तेव्हा म्हणाले, "मजेत म्हणजे? तू व्याख्या कर, मग मी सांगतो."

असा हा माणूस स्वयंपाकघर नवीन करायला निघाला, आणि त्यासाठी त्याने ठेकेदार बोलावला केडगावचा विल्सनभाऊ! मूळचा सोनईकडचा, हाताला सोनं, तोंडाला लगाम नाही, आणि जन्मात एकही काम त्याने लिहून घेतलेलं नाही. त्याचा सगळा धंदा दोन शब्दांवर चाललेला: "होऊन जाईल."

पहिल्याच भेटीत ठिणगी पडली. मी कुंपणाशी उभं राहून कडीपत्ता तोडत होते. कडीपत्ता मला नको होता, पण अशा वेळी तोडावा लागतो.

"काका, ओटा, टाईल, नळ, समदं होऊन जाईल."

"होऊन जाईल? कोण करणार?"

"आमीच की."

"मग तसं म्हण. ह्या वाक्यात कर्ता कुठे आहे? होऊन काय जाईल? आपोआप?"

विल्सनभाऊने माझ्याकडे पाहिलं. मी कडीपत्त्यात तोंड खुपसलं.

मग करार लिहायला सुरुवात झाली. काका रोज सकाळी अंगणात टेबल टाकून बसायचे आणि शब्दांच्या व्याख्या करायचे. "'उद्या' म्हणजे आजच्यानंतर उगवणारा पहिला दिवस, मिस्त्रीलोकांच्या उद्याशी त्याचा संबंध राहणार नाही." "'सरळ' म्हणजे ओळंब्याने सरळ. डोळ्याने सरळ हे सरळ समजण्यात येणार नाही." 'किंचित', 'बऱ्यापैकी' आणि 'बघू' हे तीन शब्द काम चालू असेपर्यंत ठेकेदाराला मना होते.

विल्सनभाऊ दोन दिवस ऐकत राहिला आणि तिसऱ्या दिवशी खवळला. "काका, लई झालं! आता आमच्या बाजूचं बी लिव्हा."

"बोल."

"मालकानं मिस्त्रीच्या पाठीशी हुभं ऱ्हाऊन 'हं... हं...' करायचं न्हाई."

काकांनी लिहिलं.

"मोबाईलवर कुनाचं तरी परदेशातलं किचन दाखवायचं न्हाई."

लिहिलं.

"आनी चा दोन टाइम."

"चहा म्हणजे? व्याख्या कर."

विल्सनभाऊ उठून उभाच राहिला. "दुधाचा, आलं घातलेला, कपात! त्यो तुमचा हिरवा कोमट पाला न्हाई!"

काकांचा चेहरा उजळला. अहो, अशी व्याख्या त्यांना आयुष्यात कोणी दिली नव्हती! त्यांनी ती शब्दशः उतरवली, आणि त्या दिवसापासून ह्या दोघांची गट्टी जमली. चूक झाल्यास ठेकेदाराला त्या दिवशी बिनसाखरेचा चहा, असा दंडही ठरला. तो विल्सनभाऊने हसत मान्य केला.

सहीच्या दिवशी साक्षीदार म्हणून मला बोलावलं. काय तो थाट! काका इस्त्रीच्या सदऱ्यात. विल्सनभाऊने चर्चला जायचा शर्ट घातलेला. टेबलावर स्टॅम्प पेपर, आणि तो उडू नये म्हणून वर काकूंचा वरवंटा. काकांनी अख्खा करार मोठ्याने वाचायला घेतला. स्वल्पविरामाला थांबायचे, पूर्णविरामाला चष्म्यावरून आमच्याकडे पाहायचे. ओट्याची उंची, सिंकची खोली, मिक्सरचा प्लग जमिनीपासून किती वर, सगळं इंचांत. मला आतून हसण्याच्या उकळ्या फुटत होत्या, पण साक्षीदाराने हसू नये असंही कलम असेल ह्या भीतीने गप्प बसले.

आणि मग चौदावं कलम आलं.

"उत्तरेची खिडकी काढणे," काका वाचून गेले. भरभर. माप नाही, व्याख्या नाही. चष्म्यावरून पाहणंही नाही.

"काढू की," विल्सनभाऊ म्हणाला.

"मग काढ," काका म्हणाले.

माझं हसू तिथेच विझलं. कारण उत्तरेची खिडकी म्हणजे माझा हितसंबंध!

आमच्या दोन घरांमधला बोळ इतका अरुंद आहे की माझ्या स्वयंपाकघरातून हात लांब केला की काकूंच्या खिडकीला लागतो. त्या खिडकीतून किती वाट्या गेल्या आणि आल्या! माझ्याकडून कढी, त्यांच्याकडून हुलग्याचे शेंगोळे. माझ्या खिडकीला सरकती काच, पण काकूंची खिडकी जुनी, बारकी, उभ्या गजांची. वाटी तिरकी केल्याशिवाय बाहेर यायची नाही. तिरकी केली की सांडायची. बोळातल्या भिंतीवर त्या खिडकीखाली आमटीचा पिवळा ओघळ कायमचा उमटलाय. काकू म्हणायच्या, "मंगल, निम्मी तुला आणि निम्मी भिंतीला."

काकू गेल्या आणि ती खिडकी बंद झाली ती झालीच. मी वाटी पाठवायची थांबले नाही, पण आता पुढच्या दाराने. काका ती दोन्ही हातांनी घ्यायचे, संध्याकाळी घासून परत आणायचे आणि खरेदीखताच्या सुरात म्हणायचे, "भरून पावलो." बस. पाठ फिरवून निघून जायचे.

आता ती खिडकीही जाणार. बरोबरच आहे, मी मनाशी म्हटलं. ज्या खिडकीत रोज कोणी उभं असायचं, ती रिकामी बघवत नसेल त्यांना. विचारायचं तर कोणत्या तोंडाने? नोटिशीची मुदत संपलेली, आणि साक्षीदार म्हणून मी स्वतःच सही ठोकलेली!

पण सहजासहजी हरणारी मी नव्हे. काम सुरू झाल्यावर मी कारस्थान आरंभलं. रोज चार वाजता विल्सनभाऊला गरम भजी. "भाऊ, आधी ओटा घ्या." दुसऱ्या दिवशी, "भाऊ, आधी टाईल घ्या." कांदाभजी, बटाटाभजी, मिरचीचीसुद्धा झाली. मग एका दुपारी त्याने बोटं पुसत मला विचारलं, "ताई, खरं सांगा. तुमाला ती खिडकी काढायची न्हाई ना?"

"नाही हो," मी म्हटलं.

"मला बी कसंतरी वाटतंय. चांगलं वारं येतंय तिथनं. पन करार हाय. वर तुमचीच सही हाय." आणि उरलेली भजी त्याने कागदात बांधून घेतली.

त्यानंतर काका भाचीच्या साखरपुड्याला सोनईला गेले, आणि विल्सनभाऊच्या अंगात वारं शिरलं. "आज काकाला दाखवतोच! त्यांचा 'उद्या' उजाडायच्या आत काम फिनिश!" त्याने चौकट उचकटली, गज बाहेर पडले, विटा लागल्या, वरून गिलावा. मी माझ्या ओट्याशी उभी राहून बघत होते. समोर जिथे काकूंचा चेहरा असायचा तिथे ओली राखाडी भिंत झाली. विल्सनभाऊ पलीकडून ओरडला, "ताई, कसं झालंय?" मी म्हटलं, "ओळंब्याने सरळ." दुसरं काही सुचलंच नाही.

काका उन्हं उतरताना आले. हातात पेढ्यांचा पुडा. मीही मागोमाग आत घुसले. साक्षीदाराला तेवढा हक्क असतो. काकांनी ओट्यावर हात फिरवला. टाईल ठोकून पाहिल्या. नळ सोडला, बंद केला. "उत्तम," ते म्हणाले. विल्सनभाऊची छाती फुगली. कारण काकांच्या मनाई यादीत नसलेला, पण त्यांच्या तोंडून कधी न निघणारा तो शब्द होता.

मग काका उत्तरेकडे वळले.

"खिडकी कुठंय?"

"काढली," विल्सनभाऊ म्हणाला. "कलम चौदा. फिनिश."

"कुठं काढली?"

"कुठं म्हंजी? हुती तिथनंच काढली."

"अरे, पण मी काढ म्हटलं होतं!"

"मंग काढलीच की!"

"काढ म्हटलं होतं, विल्सन, काढ नव्हे!"

मला हसू आवरेना. अख्ख्या नगर तालुक्याचे शब्द पिंजून काढलेला माणूस एका क्रियापदावर घसरून पडला होता! विल्सनभाऊनेही ती संधी सोडली नाही. कमरेवर हात ठेवून, अगदी काकांच्याच सुरात तो म्हणाला, "काढ म्हंजी? व्याख्या करा, काका!"

मी टाळी द्यायला हात पुढे केला. तो तसाच राहिला.

काका सिमेंटच्या गोणीवर बसले होते. इस्त्रीच्या धोतरासकट. पुडा मांडीवर.

"ती रोज म्हणायची," ते म्हणाले. "'अहो, इथे नीट खिडकी काढा हो एक.' रोज. आणि मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचो, 'नीट म्हणजे? व्याख्या कर.'" त्यांनी पुड्याचा दोरा सोडला, पुन्हा बांधला. "ती हसायची. मग हळूहळू म्हणायचीच बंद झाली. मी तिचेच शब्द लिहिले रे. खिडकी काढा. मला वाटलं, ह्याला काय व्याख्या लागते?"

नवा नळ एकदा टपकला. आणि तेवढ्यात मला दिसलं की काका ओल्या भिंतीकडे बघतच नाहीयेत. ते भिंतीच्या पलीकडे, जिथे माझा ओटा आहे, तिकडे बघतायत.

विल्सनभाऊने डोक्याचं फडकं सोडलं, झटकलं आणि पुन्हा घट्ट बांधलं. "काका, गिलावा वला हाय. आत्ता पाडला तर लोन्यावानी निघतोय." त्याने घण उचलला. "आज माझा चा बिनसाखरेचा. चालंल. ताई, तुमी तुमच्या बाजूची काच सरकवा, धूळ येईल."

मी धावत घरी आले, काच सरकवली. पण लावून घेतली नाही, उघडी टाकली! पहिल्याच घावाला वीट बोळात पडली, दुसऱ्याला उजेडाचं भोक पडलं, तिसऱ्याला त्यात विल्सनभाऊचं पांढरंफटक नाक दिसलं. मी इकडून ओरडायला लागले, "अजून! अजून!" धुळीने माझी कणीक राखाडी झाली. होऊ दे!

मग त्याने हात थांबवला, कानावरची पेन्सिल काढली आणि आत वळून विचारलं, "आता नीट सांगा, काका. किती बाय किती?"

मी वाट पाहत होते. ज्या माणसाने मिक्सरच्या प्लगचीसुद्धा उंची इंचांत लिहिली, त्याला आता आकडा सुचेना. काका गोणीवरून उठले. भोकाशी आले. त्यांनी रिकामे दोन्ही हात ओंजळीसारखे समोर धरले आणि हळूच त्या भोकातून माझ्याकडे सरळ पुढे केले. कोपर विटेला घासलं. काका तिथूनच, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"अरे, शकूची वाटी सांडणार नाही एवढी!"