सगळ्यांनी भिंतीकडे बघा

टिटवीचा कॉम्प्युटरच्या पेपरात अर्धा मार्क गेला, कारण तिने काढलेल्या माऊसला वायर नव्हती.

बाईंनी लाल पेनने विचारलं होतं, ‘वायर कुठे आहे?’ आणि उत्तराची वाट न बघता माऊसच्या मागून एक लांबलचक लाल शेपूट काढूनही दाखवलं होतं. आईने तो पेपर उलटसुलट करून बघितला. मग टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे आपटला.

“वायर का नाही काढलीस गं?”

“बाबांच्या माऊसला कुठेय वायर?” टिटवी म्हणाली. तिसरीतल्या या मुलीचं खरं नाव वेगळं होतं. पण तिला गप्प बसलेलं कोणी बघितलेलंच नसल्यामुळे घरी आणि शाळेत टिटवी हेच नाव चिकटलं होतं.

“बाबांचं सोड. वर्गातला बघून काढायचा.”

“वर्गातला दिसतच नाही. तो खोळीत असतो.”

“कसल्या खोळीत?”

“कापडाच्या. आम्ही रांगेने खोलीत जातो, चपला बाहेर काढतो, कॉम्प्युटरकडे बघतो आणि परत येतो. परीक्षेच्या आधी बाईंनी एकदा खोळ काढून दाखवली होती. पण तेव्हा मी मागे होते.”

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळा सुरू झाल्यापासून दर आठवड्याला ही मुलगी ‘आज आमचा कॉम्प्युटर झाला’ असं सांगत घरी येत होती, आणि आपण ‘शाब्बास’ म्हणत होतो!

“उद्या जाते मी शाळेत,” ती म्हणाली.

“अर्ध्या मार्कासाठी?” नवऱ्याने लॅपटॉपमधून मान वर न काढता विचारलं.

“अर्ध्या मार्कासाठी नाही. शेपटासाठी!”

त्या शेपटाचं काय करायचं हे नवऱ्याला कळलं नाही. पण तिने भांडी ज्या आवाजात घासायला घेतली, त्यावरून आत्ता विचारू नये एवढं कळलं.

शाळेत मोठ्या बाईंनी पेपर नाकाजवळ धरला. “पुस्तकात वायर आहे.”

“पुस्तक जुनं आहे. आता बिनवायरचे माऊस असतात.”

“असतील. पण आम्ही पायरीपायरीने शिकवतो. आधी वायर, मग बिनवायर. तेही पाचवीत.”

“अहो, पण मुलांना हात तरी लावू देता का?”

आता उत्तर द्यायला शिवणाच्या बाई पुढे झाल्या. कॉम्प्युटरचा तास त्यांच्याकडे होता, कारण शिवणाचा तास बंद झाला होता आणि बाई बंद झाल्या नव्हत्या. खोळी त्यांनीच शिवल्या होत्या. प्रत्येक खोळीला झालर होती, नाडी होती आणि माऊसला वेगळी छोटी टोपी होती.

“हात लावला की बिघडतात हो,” त्या म्हणाल्या. “मागे एका मुलाने माझी नजर चुकवून बटण दाबलं.”

“मग?”

“मग काय? चालू झाला ना तो!”

आईने डोळे मिटून एक श्वास घेतला. उपयोग झाला नाही. “तुम्ही मुलांना पोहणं शिकवलंत तर पाण्याचं चित्र काढून घ्याल!”

“एवढं कळतंय तर तुम्हीच या की शिकवायला!” मोठ्या बाईही कमी नव्हत्या. “परवा तपासणीचे साहेब येणारेत. मुलं कॉम्प्युटर वापरतात की नाही, ते त्यांना डोळ्यांनी बघायचंय. नाही दिसली, तर सगळे कॉम्प्युटर उचलून दुसऱ्या शाळेला देणार. मग तुमची मुलगी दहावीपर्यंत चित्रंच काढत बसेल. वायरसकट!”

“उद्याच येते!” आई म्हणाली, आणि जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की आपण भांडायला आलो होतो आणि नोकरीला लागलो.

दुसऱ्या दिवशी खोळी निघाल्या. मुलांनी असा काही आरडाओरडा केला की शिवणाच्या बाई टोप्या पोटाशी धरून कोपऱ्यात जाऊन बसल्या. एकेका कॉम्प्युटरवर दोघं दोघं बसली. आता पहिल्या तासाला कोणीही मुलांना चित्र रंगवायला दिलं असतं. पण आईचा स्वभाव काळजीचा. घराला कुलूप लावून ती खालपर्यंत यायची आणि कुलूप ओढून बघायला पुन्हा वर जायची. हल्ली फोनवरून लोकांना गंडवतात म्हणून तर तिची झोप उडाली होती. म्हणून तिने पहिल्याच तासाला शिकवला तो पासवर्ड.

प्रत्येक जोडीने आपापल्या कॉम्प्युटरला आपला पासवर्ड लावला. मुलांना सगळं घोकून पाठ करायची सवय होती, म्हणून ‘पासवर्ड कळला की भामटा लुबाडतो’ असं बजावून तिने नियमही घोकूनच घेतला.

“पासवर्ड आईला सांगायचा?”

“नाही!”

“बाबांना?”

“नाही!”

“बाईंना?”

“नाही!”

इथे थांबायला हरकत नव्हती. पण समोरच मोठ्या बाईंच्या खोलीचं दार दिसत होतं आणि कालचं ‘वायरसकट’ अजून डोक्यात वाजत होतं.

“मोठ्या बाईंना?” तिने दाराकडे बघत, जरा चढ्याच आवाजात विचारलं.

“नाऽऽऽही!” मुलांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

“पण काकू, भामटा ओळखायचा कसा?” पुढचा दात पडलेल्या एका मुलाने विचारलं.

“इस्त्रीचे कपडे घालतो. गोड बोलतो. आधी बाळा, बेटा म्हणतो, मग चॉकलेट काढतो. मी मोठा साहेब आहे म्हणतो. आणि तरी ऐकलं नाही, की ओरडतो.”

“आणि ओळखीचा असला तर?”

“अरे, ते आधी ओळखच सांगतात! मी तुझा काका, मी तुझी मावशी. अजिबात फसायचं नाही.”

“आणि टाकताना कोणी बघत असलं तर?” हा प्रश्न टिटवीचा.

“सरळ सांगायचं, भिंतीकडे तोंड करा. घरी जाऊन सगळ्यांनी सराव करा हं!”

तेवढ्यात घंटा झाली. मुलं उधळली, आणि आई ‘थांबा, पासवर्ड काढा’ म्हणेपर्यंत शिवणाच्या बाईंनी खोळी चढवून नाड्या आवळल्यासुद्धा. असू दे, आईने विचार केला. उद्या साहेब यायच्या आधी येऊन काढून टाकू.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोनच उघडेना. तिने नंबर टाकला, फोनने चूक म्हटलं. तिने पुन्हा टाकला, फोनने थोड्या वेळाने या म्हटलं. “मेल्या, तुलाही आजच मुहूर्त सापडला!” ती फोनवर ओरडली. पलीकडे नवरा लॅपटॉपला काहीतरी वाईट शब्द वापरत होता. टिटवी मात्र शांतपणे दूध पीत होती. त्या सकाळी घरात शांत असलेली ती एकटीच, आणि एवढ्यावरून खरं तर आईने ओळखायला हवं होतं. पण तिने फोन पर्समध्ये कोंबला, टिटवीला शाळेच्या गाडीत बसवलं, आणि घरातलं आवरून शाळेत पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

झालं होतं ते असं. साहेब वेळेच्या आधीच येऊन बसले. कपडे कडक इस्त्रीचे. कॉम्प्युटर सुरू झाले आणि एकजात सगळे पासवर्ड मागू लागले. मोठ्या बाई हसून म्हणाल्या, “बाळांनो, सांगा बरं पासवर्ड.”

मुलांनी बटणं हातांनी झाकली.

“‘बाळांनो’ म्हणाल्या,” दात पडलेला मुलगा शेजारणीच्या कानात कुजबुजला. “आता चॉकलेट येणार.”

मोठ्या बाईंनी खरोखरच टेबलाच्या खणातून चॉकलेटं काढली. मुलांनी एकमेकांकडे बघितलं.

“अरे, सांगता की नाही?” बाईंचा आवाज चढला.

“आता ओरडल्या!”

मग साहेब स्वतः उठले. टिटवीसमोर वाकले. “हे बघ बेटा, मी मोठा साहेब आहे...”

“भामटाऽऽऽ!” अख्खा वर्ग ओरडला.

आईने दारात पाऊल टाकलं ते नेमकं यावेळी.

मोठ्या बाईंनी तिला दंडाला धरून बाहेर नेलं. “अर्धा मार्क! अर्ध्या मार्कासाठी सूड उगवलात माझ्यावर! अहो, मागायचात! दहा दिले असते!”

“मला मार्क नको होता!”

“मग काय हवं होतं?”

“मुलांना हात लावायला मिळायला हवा होता!”

“लावला ना! बघा!”

आईला आणखी राग आला. ती तरातरा आत गेली. “मुलांनो, नियम मी शिकवला ना? मग आता मीच सांगते. चला, पासवर्ड सांगा!”

टिटवी हात पसरून आपल्या कॉम्प्युटरपुढे उभी राहिली आणि वर्गाकडे वळली. “आईला?”

“नाऽऽऽही!”

आईचे कान तापले. एवढ्या मेहनतीने शिकवलेलं इतकं तंतोतंत कोणाला आल्याचं तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि दोन थोबाडीत द्याव्यात असंही इतकं कधी वाटलं नव्हतं.

साहेबांनी बॅग उचलली. “पुरे झालं. मला अजून दुसऱ्या शाळेत जायचंय. मुलं कॉम्प्युटर वापरत नाहीत, असं लिहितो. पुढच्या आठवड्यात गाडी येईल न्यायला.”

“खोळींसकट नेणार?” शिवणाच्या बाईंनी रडवेल्या आवाजात विचारलं.

“नेणार म्हणजे?” टिटवीचे पसरलेले हात खाली आले. “कायमचे? कालच तर आम्ही हात लावला!”

“मग सांग पासवर्ड!”

“सांगणार नाही.” तिचे डोळे भरले होते, पण हनुवटी वरच होती. “पण उघडू आम्ही.”

“मग उघड की! अडलंय कुठे?”

“तुम्ही बघताय ना. सगळ्यांनी भिंतीकडे बघा.”

साहेबांनी घड्याळ बघितलं, मोठ्या बाईंकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. शेजारी मोठ्या बाई, त्यांच्या शेजारी शिवणाच्या बाई, शेवटी आई. भिंतीवर शिवणाच्या बाईंनी रंगवलेला भलामोठा माऊस होता. जागा उरली म्हणून त्यांनी त्याची वायर खिडकीवरून वळवून दारापर्यंत नेली होती. साहेब नाइलाजाने ती वायर बघत राहिले. आईसुद्धा बघत राहिली, आणि दात खात राहिली.

मागे टिकटिक सुरू झाली.

“झालं का?” साहेबांनी मान वळवली.

“पुढे बघा!” चारी बाजूंनी ओरडा झाला. साहेबांनी मान सरळ केली.

एकेक कॉम्प्युटर उघडला. दात पडलेला मुलगा आणि त्याची शेजारीण आपला पासवर्ड साफ विसरली होती. पण त्यांनी बंद पडद्यासमोर सगळ्यांपेक्षा जोरात बटणं बडवली. उघडलेल्या मुलांनीही वळायची परवानगी काही दिली नाही. त्यांना एकदाचे कॉम्प्युटर मिळाले होते आणि मोठी माणसं पाठमोरी उभी होती. इतकं चांगलं त्यांच्या शाळेत आधी कधीच घडलं नव्हतं.

“मुलं वापरतायत, हे आवाजावरून कळतंय,” शेवटी साहेब वायरला उद्देशून म्हणाले. त्यांनी कागद भिंतीवरच टेकवून लिहिलं, ‘मुले कॉम्प्युटर वापरतात. प्रत्यक्ष पाहिले.’ सही केली आणि भिंतीला पाठ न दाखवता, खेकड्यासारखे सरकत दारातून बाहेर पडले.

“कॉम्प्युटर राहिले हो!” मोठ्या बाईंनी भिंतीलाच सांगितलं. मग तोंड न वळवता आईला म्हणाल्या, “पुढच्या आठवड्यात या शिकवायला. खोळी काढून ठेवते. पण जरा कमी पक्कं शिकवा.”

“आणि अर्धा मार्क?”

“वायर काढायला सांगा. देते.”

त्यामुळे जिंकूनही आई घरी निघाली ती धुमसतच. वाटभर तिने टिटवीला झापलं, आणि वाटभर टिटवी तिला आपण पडद्यावर काढलेल्या माऊसचं वर्णन सांगत होती. तो बिनवायरचा होता.

दार उघडलं तर नवरा लॅपटॉप हातात घेऊन समोरच उभा. चेहरा लाल. “सकाळपासून माझं सगळं काम अडलंय! तुला मेसेज करून करून बोटं दुखली, तर तू वाचत नाहीस!” मग तो टिटवीपुढे वाकला आणि आवाज एकदम मऊ केला. “बेटा, सांग बरं काय टाकलंस ते.”

टिटवीने आईकडे बघितलं. “‘बेटा’ म्हणाले.”

आईने सावकाश पर्स उघडली. सावकाश फोन काढला. “टिटवे... माझ्या फोनलाही?”

“सराव करायला तूच सांगितलंस ना?”

“अगं ए कार्टे, मी तुझी आई आहे!”

“ते आधी ओळखच सांगतात,” टिटवी म्हणाली, आणि तिने बोटाने भिंत दाखवली.

दोघं शेजारी शेजारी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

“हे असलं काहीतरी हिच्या डोक्यात भरवलं कोणी?” नवरा फणफणला. “तो माणूस मला एकदा भेटू दे फक्त!” आणि तो आईकडे वळला.

“पुढे बघ,” आई म्हणाली.