भुलाबाईच्या गाण्याची काटछाट

बायकोचं गाणं कापून द्यायचं मी कबूल केलं, तेव्हा माझा हेतू अगदी शुद्ध होता. (माझे हेतू सगळे शुद्धच असतात. गडबड होते ती त्यांच्या पुढे.)

आर्णीत आमच्या गल्लीची भुलाबाई गेली काही वर्षं आमच्याच अंगणात बसते. ज्वारीच्या धांड्यांचं मखर, त्यात भुलाबाई आणि भुलोजी, महिनाभर रोज संध्याकाळी बायकांची गाणी आणि शेवटी खिरापत. खिरापत म्हणजे प्रसादच, पण झाकलेल्या डब्यातला. डबा वाजवायचा आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. आमच्या गल्लीचा नियम असा, की कोजागिरीची, म्हणजे शेवटच्या दिवसाची खिरापत जी बाई ओळखेल, तिच्या अंगणात पुढच्या वर्षीची भुलाबाई. बोलायची संधी प्रत्येकीला एकदाच. आमच्या अर्पिताची खिरापत आजवर कोणाच्या बापाला ओळखता आलेली नाही. समोरच्या विमलताई त्या दुःखात वर्षभर झुरत असतात. यंदा तर त्यांनी भुलाबाईसाठी अंगणात फरशी बसवून घेतली होती.

त्यामुळे खिरापत काय आहे हे आमच्या घरात कोणालाच सांगत नाहीत. घरात आम्ही दोघंच असतो.

यंदा अडचण घशाची होती. मुख्य आवाज अर्पिताचा, आणि महिनाभर गाऊन गाऊन कोजागिरीपर्यंत तो दरवर्षी बसतो. म्हणून मी सुचवलं, आत्ताच रेकॉर्ड करून ठेवू, त्या दिवशी स्पीकरवर लावू.

"अन् मधात खोकला आला तं?"

"तेवढा कापून टाकू. कॉम्प्युटरवर सारं कापता येते."

"कोन कापनार?"

"मी."

ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मला वाटलं, कौतुकाने.

रविवारी स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याला फोन टेकवून रेकॉर्डिंग झालं. अर्पिता गायली फार सुंदर, पण आमच्या घराला गाण्याची सवय नाही. मधेच कुकरने शिट्टी मारली. मधेच तिला खोकला आला. मधेच मी काहीतरी विचारायला गेलो. शेवटी धनीबाई मागच्या दाराने आली आणि अर्पिताने मला अंगणात हाकललं. धनीबाई म्हणजे माझ्याबरोबर कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात काम करणाऱ्या देवसिंगची बायको. ती तांड्यावरून आली की दोघींची तासभर कुजबुज चालते. फोन मात्र मसाल्याच्या डब्याला टेकून इमानदारीने चालूच राहिला.

दुसऱ्या दिवशी अर्पिताने मला जवस आणायला पाठवलं. मी तीळ आणले. तिने परत पाठवलं. मी कुरकुरत गेलो, कारण माझ्या डोक्यात तेव्हा संगीत होतं.

गाणं कापायचं काम मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर काढलं. शिकण्यासाठी एक व्हिडिओ पाहिला. गाणं त्या कॉम्प्युटरमध्ये लांब पट्टीसारखं दिसतं. पट्टीचे कडव्याकडव्याने तुकडे करायचे, तुकड्यातला भाग निवडायचा आणि 'ट्रिम'चं बटण दाबायचं. इथे मी व्हिडिओ बंद केला. तो माणूस पुढेही बोलत होता, पण काही लोकांना बोलायची सवयच असते.

देवसिंगचा इयरफोन एका कानात घालून मी गाणं एकदा ऐकलं. सूर थांबून दुसरं काही सुरू झालं, की तिथे खूण. कोण काय बोलतं तिकडे लक्ष दिलं नाही. (अर्पिताचं बोलणं सुरू झालं की माझे कान आपोआप मिटतात. हे कौशल्य लग्नानंतर आलं.) तेवढ्यात देवसिंगने मॅचची कॉमेंट्री ऐकायला इयरफोन परत नेला. मालक केबिनमध्ये जेवून डुलकी काढत होते, म्हणून आवाज लावायची सोय नव्हती. नुसतं पाहून कापायला घेतलं. कडव्यातला खोकला निवडला, ट्रिम. शिट्टी निवडली, ट्रिम. प्रत्येक वेळी पट्टीचा हा एवढा भाग गायब व्हायचा आणि मला साफसफाई केल्याचं समाधान मिळायचं.

देवसिंग मागून डोकावला. "गोपालभाऊ, वहिनीचं गानं इतकंच?"

"बाकी सारा कचरा होता."

"बाप्पा. इतका?"

"तुह्या वहिनीले तू ओळखत नाहीस," मी म्हणालो.

कोजागिरीला अंगण बायकांनी भरलं. अर्पिताचा घसा ठरल्याप्रमाणे बसला होता, नुसती हवा निघत होती. मी फोन स्पीकरला जोडला, सर्वांना शांत राहायला सांगितलं आणि बटण दाबलं.

कुकरची शिट्टी झाली. मग खोकला. मग आणखी एक खोकला, जरा मोठा. मग माझा आवाज आला, "माहा दुसरा मोजा दिसून नाही राह्यला." बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

आणि तेव्हा मला कळलं, की ट्रिम म्हणजे निवडलेलं ठेवून बाकीचं फेकणं. त्या व्हिडिओतला माणूस बहुतेक तेच सांगत होता.

मी फोन बंद करायला धावलो, पण घामाने बोट लागेना. अर्पिता हातवारे करत होती, तिला ओरडता येत नव्हतं. तोवर स्पीकरमधून धनीबाई बोलली.

"घे बाई, चांगले वाळलेले मोहफूल आनले. लाडू झ्याक होतीन."

"हळू बोल," स्पीकरमधली अर्पिता म्हणाली. "खिरापतीचं हाये. विमलताईचे कान भिंतीले लागून असतात."

विमलताईंनी भिंतीला टेकलेली पाठ सावकाश सरळ केली. एवढ्या वर्षांचा अर्पिताचा मान मी एका बटणाने घालवला होता, आणि मला खरोखर रडू येत होतं.

अर्पिताने खाली मान घालून डबा वाजवला.

"मोहफुलाचे लाडू," विमलताई म्हणाल्या. पुढे बसलेल्या शेजारणीने धोका नको म्हणून तेच सांगितलं. तिच्या मागचीनेही. पाहता पाहता सारं अंगण मोहफुलाचे लाडू म्हणून मोकळं झालं. एक आजी तर उठून विमलताईंच्या घरची फरशी पाहूनसुद्धा आल्या.

मग अर्पिताने झाकण काढलं. आत जवसाच्या वड्या होत्या.

"अन् लाडू?" विमलताईंचा आवाजही बसला.

"ते मी अन् धनीबाईनं कवाच खाल्ले," अर्पिता घोगऱ्या आवाजात म्हणाली.

बायका वड्या खाऊन गेल्यावर मी स्पीकरची वायर गुंडाळत गुंडाळत तिच्याजवळ गेलो.

"म्हंजे तुले माहीत होतं?"

"फोन चालू राह्यला हे मले मागून समजलं. म्हनलं, आता हे तुमच्या हाती कापाले चाललं. तवाच खिरापत बदलली."

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तुमी ध्यान देऊन कापलं असतं. अन् विमलताई यंदा जवसावरच येनार होती, तिनं तुमाले दुकानातून जवस घेऊन येताना पाह्यलं होतं." तिने उरलेली वडी माझ्या हातावर ठेवली. "पुढच्या सालीबी तुमीच कापा. माहा तुमच्यावर पुरा भरवसा हाये."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण भरवसा असल्याचं ती पहिल्यांदाच बोलली. मी वडी खाल्ली. चांगली झाली होती, तिळाची असती तर आणखी चांगली झाली असती, पण हे मी मनातच ट्रिम केलं. म्हणजे कापलं. म्हणजे, बोललो नाही.