वरिष्ठ सभागृहापुढे प्रलंबित कडी

जानेफळच्या पुढे असलेल्या आमच्या गावातल्या अभ्यासिकेत मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, ही बाब सतरा जुलै रोजी प्रथमच निदर्शनास आली. म्हणजे कडी त्याआधीही नव्हती. पण त्या दिवशी मयुरीने लेखी अर्ज दिला. तिची राज्यसेवेची पूर्व परीक्षा दोन महिन्यांवर होती आणि घर दीड किलोमीटरवर. दिवसातून तीनदा घरी जाऊन येण्यात अभ्यास बुडत होता.

अभ्यासिकेत आम्ही लोकशाही पाळतो. ज्यांच्या परीक्षा बाकी आहेत ते कनिष्ठ सभागृह. ज्यांची वयोमर्यादा उलटली पण खुर्ची सुटली नाही, ते आम्ही वरिष्ठ. राज्यसभेचे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात. आमच्यातला अजून एकही झालेला नाही.

कनिष्ठांनी कडीचा ठराव पाच मिनिटांत केला. गावातला जाकीर वेल्डर फुकट बसवून द्यायला तयार झाला. तो कडी घेऊन दारात उभा राहिला तेव्हा आम्हाला जाग आली.

"ठराव आमच्याकडं आला काय?" आमचे सभापती संघपालदादा म्हणाले. वय चव्वेचाळीस, नोट्स काढण्यात तालुक्यात पहिले. "आपण राज्यसभा आहो. साध्या विधेयकाले दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते. धनविधेयक असलं तरच चौदा दिवसांत वापस करा लागते."

"पण दादा, याच्यात पैसाच नाही," मयुरी म्हणाली. "जाकीरभाऊ फुकट बसवून राह्यले."

"मंग धनविधेयक नाही. म्हणजे आपल्याले चौदा दिवसांचं बंधनच नाही."

तेवढ्यात रंगराव उठला. त्याचा अमेरिकेचा अभ्यास दांडगा. "काऊन राज्यसभा, दादा? आपण सिनेट आहो. तिथं सिनेटच्या संमतीबिगर राष्ट्राध्यक्षाले मंत्री नेमता येत नाही. मंग या कनिष्ठायनं वेल्डर कसा नेमला?"

मुद्दा बिनतोड होता. जाकीरची सुनावणी तीन दिवस चालली. आधी कुठे कुठे कड्या बसवल्या, असे विचारल्यावर त्याने चौतीस घरे सांगितली. आम्ही उपसमिती नेमून ती सर्व दारे आतून लावून पाहिली. चौथ्या दिवशी जाकीर म्हणाला, "मले मेहकरले काम हाय. ही कडी ठेवतो, चार स्क्रू हायेत, कोणीबी बसवा." आणि गेला.

कोणीही बसवावी, हे तर फारच घटनाबाह्य होते. सिनेटमध्ये एखादा सदस्य बोलतच राहिला की मतदान अडते, म्हणून रंगराव अकरा ते पाच बोलला. मधून दोनदा लघवीला जाऊन आला. बोलणाऱ्या सिनेटरला सभागृह सोडता येत नाही, हे मयुरीने पुस्तक उघडून दाखवले.

"थे तिकडचं झालं," रंगराव म्हणाला.

आपण राज्यसभा की सिनेट, यावर पुढचे सहा आठवडे गेले. मयुरीने मागणे सोडून दिले आणि दिवसभर पाणी पिणेही. परीक्षेच्या दोन दिवस आधी लघवीच्या संसर्गाने तिला एकशे तीन ताप भरला. दवाखान्यात सलाइन लागली आणि पेपर हुकला. मला लाज वाटली, खरंच वाटली. दोन्ही सभागृहांनी तिला आराम पडो असा ठराव एका मिनिटात एकमताने केला. अनुमोदन माझेच.

तो वाचून दाखवायला मी दवाखान्यात गेलो. ती उशीवरून म्हणाली, "दादा, ठरलं का मंग? भारी कोण, राज्यसभा का सिनेट?"

मी खुर्ची ओढून घेतली आणि तिला पाऊण तास समजावून सांगितले.

एवढे वाचून तुमचेही काही मत बनले असेलच. अवश्य कळवा, इतिवृत्तात घेऊ. आजवर बरीच पत्रे आली, निम्मी राज्यसभेच्या बाजूची, निम्मी सिनेटच्या. कडी बसली का, हे अजून एकानेही विचारलेले नाही.